सूनबाई सारखी आत का जाते

४ मार्च

चि. बारकीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या घरातलं खरं काय आणि खोटं काय ते मला एकदा सरळ कळू दे.

काल तुझी आई रडत माझ्याकडे आली. ताई आनंदातही रडते आणि दुःखातही रडते, त्यामुळे पहिला कप चहा संपेपर्यंत कुणी आलं की कुणी गेलं हेच कळेना. शेवटी उलगडा झाला की तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता. सूनबाई सारखी आत जाते, बसली की उठते, उठली की बाथरूम गाठते, म्हणजे नक्की दिवस राहिले, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापिका होत्या ना त्या. पेपर कुणी लिहिला न लिहिला, निकाल लावून मोकळ्या!

मला हे पटलं नाही. मागच्याच पत्रात तू लिहिलं होतंस की पहिला गर्भ ठेवला तो टिकला नाही, आणि दुसऱ्याची तारीख अजून यायची आहे. गर्भ दवाखान्याच्या फ्रीजमध्ये आणि दिवस तुला? मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मलाही कळतं. तुझ्या आईला मात्र कळत नाही. तिनं शेजारी सांगूनसुद्धा टाकलं.

आणि तू गप्प का? तुला तोंड नाही का? खरं असेल तर मला आधी कळायला हवं होतं, आणि खोटं असेल तर त्या बाईंना जागच्या जागी थांबवायला हवं होतं. फोनवरच झापलं असतं, पण तू फोनवर बोलायला लागलीस की सासूबाईंना नेमकं त्याच खोलीतलं काहीतरी झटकायचं असतं, आणि माझा डावा कान मशिनीनं कधीच खाल्लाय. म्हणून हे पत्र तू कामाला जातेस त्या चष्म्याच्या दुकानावर पाठवते आहे.

इकडे बसच्या सीटांचं मोठं काम आलंय. दिवसभर रेक्झिन शिवून बोटांची सालं निघालीत. नवा सुपरवायझर लेकाचा दाभणाला सुई म्हणतो, आणि टाका कसा घालावा ते आम्हाला शिकवतो.

मावशीवर माया आहे असं नेहमी लिहितेस. या वेळी ती खरं लिहून दाखव.
तुझी मावशी


९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. पत्र मिळालं. मालकांनी पाकीट उजेडाला धरून बघितलं आणि मग माझ्या हातात दिलं. तुझं अक्षर बाहेरूनही रागावलेलं दिसतं म्हणाले.

दिवस राहिलेले नाहीत. मला मूत्राशयाचा आजार आहे. हा शब्द मी या घरात अजून एकदाही उच्चारलेला नाही. आईनं लहानपणी शिकवून ठेवलंय की तिकडचं काहीही दुखलं तरी पोटात दुखतंय म्हणायचं. लग्नानंतरही मी पोटच सांगत आले. नवरा बिचारा पोटाच्या गोळ्या आणून देतो. माझ्या कपाटाचा एक खण त्या गोळ्यांनी भरलाय.

लग्नाआधी नोकरीच्या गावी होते तेव्हा एकटीच जाऊन दाखवलं होतं. लघवी तपासली, जंतू नाहीत. दुर्बिणीतून आत बघितलं. हा जंतूंचा आजार नाही, मूत्राशयच हुळहुळं झालंय, तो पुरता जात नाही पण सांभाळता येतो, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मधली वर्षं बरी गेली. मूल होण्याच्या उपचारांची इंजेक्शनं सुरू झाली आणि भडका उडायला लागला. उघड्या जखमेवर कुणीतरी आतून लिंबू पिळतंय असं होतं. जाऊन आलं की जरा सुटका, आणि पायरीवरून खाली उतरेपर्यंत परत तेच. चहा प्यायला तरी होतं, काळजी केली तरी होतं, आणि होईल या काळजीनं तर हमखास होतं.

आता मुख्य गोष्ट. गर्भ ठेवताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे वरून सोनोग्राफीत नीट दिसतं. पहिल्या वेळी मी सांगितलं तेवढं पाणी पिऊन टेबलावर झोपले. डॉक्टरबाई दुसऱ्या पेशंटकडे अडकल्या. मी धरलं, धरलं, आणि मग ओरडत टेबलावरून उतरून पळाले. परत येऊन परत पाणी प्यायले, परत झोपले. तो गर्भ टिकला नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगतात की सूनबाई ऐन वेळी टेबलावरून पळाली. पळाल्यामुळे गेला असं कुणी डॉक्टर म्हणालेलं नाही. पण मला रोज वाटतं.

आता एकच गर्भ उरलाय. त्यापुढे परत सगळं पहिल्यापासून करायचं बळ ना माझ्यात आहे ना आमच्या घरात. त्या डॉक्टरबाईंना मी आजाराचं सांगितलेलं नाही. आधी बऱ्या व्हा, मग या, असं म्हणाल्या तर? बरा होणारा हा आजारच नाही.

सासूबाईंना का थांबवलं नाही, तर तेही खरं सांगते. त्यांनी माझं जाणं-येणं मोजून स्वतःच निष्कर्ष काढला आणि त्या संध्याकाळी माझ्या पाठीमागे उशी आणून ठेवली. या घरात माझ्यासाठी कुणी उशी आणलेली नव्हती. मला दोन दिवस ती उशी हवी होती, मावशी. आता ती परत कशी करायची ते कळत नाही.

रागाव, पण लिहीत राहा.
तुझी,
बारकी


१३ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. एकदा राग यावा म्हणून आणि एकदा तो नीट यावा म्हणून.

काय एकेक माणसं गोळा केली आहेस! एक तुझी आई, जिला मानेपासून गुडघ्यापर्यंत सगळं पोटच वाटतं. एक त्या डॉक्टरबाई, ज्यांना पेशंट ताटकळलाय हे पेशंट ओरडल्यावर कळतं. एक तुझ्या सासूबाई, ज्या सुनेच्या बाथरूमच्या फेऱ्या मोजतात. दुसरं काही मोजायला नाही का त्या घरात? आणि एक जावईबापू. ऑफिसात मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढतात म्हणे. बायकोचं कुठं दुखतं ते एवढ्या वर्षांत सापडलं नाही त्यांना.

आणि सगळ्यात वर तू. लोकांच्या डोळ्यांपुढे पाटी धरून बारीक बारीक अक्षरं वाचून घेतेस, आणि स्वतःला एक शब्द बोलता येत नाही. एका उशीला भुललीस. मी अख्ख्या बसच्या गाद्या भरते, मला सांगायचंस, चार पाठवल्या असत्या.

आता मी सांगते ते कर. लघवी धरणं ही सवयीची गोष्ट आहे. आमच्या कारखान्यात बायकांची मोरी आवाराच्या पार टोकाला, दाराला कडी नाही, म्हणून एक जण आत गेली की दुसरीनं बाहेर उभं राहायचं. दोन मशिनी बंद पडलेल्या सुपरवायझरला चालत नाहीत. आम्ही सगळ्या दिवसभर धरतो. कुणी मेली नाही. तू दिवसा पाणी कमी पी आणि जरा जरा जास्त वेळ धरायला शीक. महिन्याभरात टेबलावर आरामात झोपशील. लाड करू नकोस त्या मूत्राशयाचे.

आणि नवऱ्याला सांग. सांग म्हणजे सांग.

तू शहाणी व्हावीस एवढाच लोभ.
तुझी मावशी


२५ मार्च

तीर्थस्वरूप मावशी यांस,
कृ. सा. न. वि. वि. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. मी आपणांस प्रथमच लिहीत आहे, चूकभूल क्षमा व्हावी.

सौ.ची वागणूक गेले काही दिवस मला उमगेनाशी झाली आहे. ती दिवसभर पाणी पीत नाही. दिलं तर ओठाला लावून ठेवते. परवा दुकानातून मालकांचा फोन आला की ती बाथरूममधून बाहेर येत नाही. मी पोहोचलो तेव्हा ती आत फरशीवर बसलेली होती, घामानं निथळत होती, आणि पोटात दुखतंय एवढंच म्हणत होती. मी पोटाची गोळी दिली ती तिनं माझ्या अंगावर फेकली. असं ती कधी वागत नाही.

दवाखान्याची तारीख जवळ आली आहे. तो विषय काढला की ती उठून आत जाते. आधी आईला वाटलं होतं की गोड बातमी आहे, आता आई म्हणते की हे सारं मनाचं आहे, तिला जबाबदारी नको आहे. मला आईचं म्हणणं पटत नाही. पण मला दुसरं कारणही दिसत नाही. तिला मूलच नको असेल तर तिनं तसं सांगावं, मी जबरदस्ती करणारा माणूस नाही.

ती आपलं ऐकते. आपण तिला चार शब्द समजुतीचे लिहावेत, धीर धरायला सांगावं.

आपली माया असावी, ही नम्र विनंती.
आपला आज्ञाधारक


२९ मार्च

जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र वाचलं. अक्षर फार सुंदर आहे. बाकी सगळा आनंद.

समजुतीचे चार शब्द मला येत नाहीत. जे येतात ते लिहिते. बायको फरशीवर बसलेली होती आणि तुम्ही मला पत्र लिहिलंत. ती तुमच्या समोर आहे, मी तिच्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. विचारायचं कुणाला? आईला विचारलंत, मालकाला विचारलंत, मावशीला विचारलंत. भिंतीला विचारायचं तेवढं राहिलं.

तिचं काय दुखतं ते मला ठाऊक आहे. मी सांगणार नाही. ते तिनं सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं. पण तुमच्यासारख्या माणसाला नुसतं सांगून समजत नाही हे मला तुमच्या अक्षरावरूनच दिसतं, म्हणून एक काम सांगते. गर्भ ठेवायच्या दिवशी तिला जेवढं पाणी प्यायला लावतात, तेवढं तुम्ही एक दिवस ऑफिसात प्या. आणि उठायचं नाही. नकाशा काढत बसायचं. कुणीतरी येऊन आता जा म्हणेपर्यंत बसायचं, आणि कुणी येणार नाही. मग घरी जा. ती आत असेल. दाराबाहेर खाली बसा आणि कुठं दुखतंय ते विचारा. पोटात म्हणाली तर पोटात कुठं ते विचारा. ती बोलत असताना गोळी काढायची नाही, आईला हाक मारायची नाही आणि तोंड उघडायचं नाही.

एवढं जमलं तर बरं, नाही जमलं तर नकाशे आहेतच.
मावशी

ता. क. सोबतची चिठ्ठी तिला द्या. फोडायची नाही.

बारके, पाणी कमी पी असं मी लिहिलं आणि तू ते ऐकलंस? लहानपणापासून माझी एक गोष्ट ऐकली नाहीस आणि ही ऐकलीस? मी गाद्या शिवणारी बाई. उद्या मी मोतीबिंदू काढायला बसले तर डोळा पुढे करशील का? पाणी पी. तुला ज्यांनी दुर्बिणीतून बघितलं त्यांनी जेवढं सांगितलं होतं तेवढं पी.


१० एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. आधी भांडते. तू त्याला लिहिलंस कशाला? मला चार दिवस तुझा इतका राग आला होता की चिठ्ठी वाचूनही मी एका पेल्यावर पाणी प्यायले नाही, फक्त तुला खोटं पाडायला. मग प्यायले.

त्यानं खरंच केलं. ऑफिसात बाटल्या समोर ठेवून प्यायला म्हणे, आणि साहेबांबरोबर मीटिंग लागली. घरी आला तो बुटांसकट धावत. मी आत होते. दोघंही दाराच्या दोन बाजूंना, आणि घरात बाथरूम एकच! मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि हसण्यानं आणखी दुखलं. त्याला आत सोडलं. बाहेर आला तो खाली बसला आणि विचारलं.

त्याला वाटलं की आता त्याला कळलं. त्याला काही कळलेलं नाही. त्याचं मूत्राशय भरलं होतं, माझं जळतं. तसं मी त्याला सांगितलं. पण तो गप्प बसून ऐकत होता, आणि मी शब्द उच्चारला. मूत्राशय. छत कोसळलं नाही. त्यानं कपाटातल्या गोळ्या बाहेर काढल्या आणि टोपलीत टाकल्या. रडला थोडा. मला त्याचं रडणंही सांभाळावं लागलं, ते वेगळं.

मग आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या आधी चिडल्या, इतके महिने लपवलंत म्हणून. मीही म्हटलं की मी टेबलावरून ओरडत उतरले तेव्हा कारण कुणी विचारलं होतं का. त्यांनी माझी फाईल परत पहिल्या पानापासून उघडली. मग म्हणाल्या की गर्भ गोठवलेला आहे, त्याला घाई नाही. आधी भडका उतरू द्यायचा, मूत्राशयाच्या डॉक्टरांना बोलावून कोणती औषधं चालतील ते ठरवायचं, आणि ठेवताना अर्धवट भरलं तरी चालवून घेऊ, नाहीच जमलं तर रिकामं ठेवून खालून सोनोग्राफी करू. माझ्या उतरण्यामुळे पहिला गेला का ते मी विचारलं. तसं म्हणता येणार नाही, बरेच गर्भ कारण न सांगताच जातात, असं त्यांचं उत्तर. टिकेल याची खात्री कुणीच देणार नाही, हेही सांगितलं. तारीख पुढे गेली.

घरी सांगितलं आणि सासूबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी अख्ख्या इमारतीत आणि निवृत्त शिक्षिकांच्या मंडळात गोड बातमी सांगून ठेवली आहे. आता त्यांचं म्हणणं असं की मी लोकांना गर्भ पडला असं सांगावं. म्हणजे त्या खोट्या ठरणार नाहीत, आणि मलाही सहानुभूती मिळेल. मूत्राशय वगैरे बोलू नये, घराण्याला शोभत नाही. पुढच्या रविवारी मंडळातल्या बायका मला भेटायला येणार आहेत. त्यांना पडला असंच कळवलेलं आहे.

जो नव्हताच त्याच्यासाठी मी मान खाली घालून बसायचं, मावशी. आणि जो खरोखर गेला, त्याच्या वेळी मला कुणी भेटायला आलं नव्हतं. तेव्हा मी पळाले होते ना.

नवऱ्याला विचारलं काय करू. तो म्हणाला की आईला दुखवायला नको, पण तुला हवं ते कर. म्हणजे काय ते तूच सांग.

तुझ्या रागाची वाट बघते.
बारकी


१४ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. आजवर मी लबाड माणसं बघितली, पण फुकटचं सुतक विकत घेणारी बाई आत्ता कळली. आणि यांनी म्हणे मुलांना मूल्यशिक्षण शिकवलं!

घराण्याला शोभत नाही म्हणे. त्या घराण्यात काय कुणी लघवीला जात नाही? सगळे नुसते घाम गाळतात? आणि जावयाचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. आईला दुखवायचं नाही आणि बायकोला अडवायचं नाही. असं दोन्ही बाजूंनी शिवलेलं कापड उलटवताच येत नाही, तसलं आहे ते. त्याच्या भरवशावर राहू नकोस.

काय करायचं ते मी सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं तर फरशीवर बसलीस. पण मला काय वाटतं ते लिहिते. तो पहिला खरा होता. महिनाभर तू त्याच्यासाठी इंजेक्शनं टोचून घेतलीस, आणि तो गेला. त्याचं रडणं तुझ्याकडे शिल्लक आहे. ते त्या बाईंची इज्जत झाकायला वापरू नकोस.

रविवारी मी येते म्हणून सुपरवायझरकडे सुट्टी मागितली. कारण विचारलं. भाचीचं मूत्राशय एवढंच म्हटलं, तर पुढचं ऐकायच्या आत त्यानं हात हलवून मला हाकललं. सुट्टी मंजूर. हा शब्द मला आधी ठाऊक असता तर आजवर किती सुट्ट्या मिळाल्या असत्या.

येऊ का ते लगेच कळव.
तुझी मावशी


२१ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. तार केल्यासारखा फोन करून येऊ नकोस म्हटलं, त्याचा राग मानू नकोस. तू आली असतीस तर तू बोलली असतीस. मग मी परत बोललेच नसते.

रविवारी सगळ्या आल्या. बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणल्या. सासूबाई मधोमध, हातात रुमाल. एकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुरुवातीच्या दिवसांत असं होतं, मन घट्ट कर, म्हणाली. तेवढ्यात मला जायला लागलं. मी उठले तशी सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं की बिचारीला रडू आवरत नाही.

मी दारातून परत फिरले. सांगितलं की मी रडायला नाही, लघवीला चालले आहे. गर्भ पडलेला नाही, कारण या महिन्यात तो नव्हताच. माझ्या मूत्राशयाला आजार आहे, म्हणून मी सारखी आत जाते. जो होता तो हिवाळ्यात गेला, त्याचं कुणाला सांगायचं असेल तर सांगा. एवढं बोलले आणि गेले, कारण थांबताच येत नव्हतं.

परत आले तेव्हा कुणी भिंतीकडे बघत होतं, कुणी बिस्किटाकडे. एकीनं याची लागण होते का ते विचारलं आणि आपली खुर्ची मागे घेतली. मला वाटलं होतं कुणीतरी एक तरी हात धरेल. कुणी नाही धरला. चहा संपवून सगळ्या एकदम निघाल्या. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. घरात इतकी शांतता कधी नव्हती. मी त्या शांततेत दुपारची झोपतेसुद्धा. आणि ती उशी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली.

भडका आता उतरतोय. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. शेवटचा आहे, म्हणून भीती आहे. पण या वेळी मी जिथं दुखेल तिथलं नाव घेणार आहे.

तुझी माया अशीच खरखरीत राहो.
बारकी


३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. थोडक्यात लिहिते.

गर्भ ठेवला तेव्हा मूत्राशय अर्धंच भरलेलं होतं. मधेच कळ आली, मी थांबा म्हटलं, आणि डॉक्टरबाई थांबल्या. कळ ओसरल्यावर परत सुरू केलं. मी टेबलावरून उतरले नाही, ओरडले नाही. माझ्याकडून जे व्हायचं होतं ते सगळं नीट झालं.

काल रक्ताचा रिपोर्ट आला. नाही टिकला.

सासूबाईंनी इतक्या आठवड्यांनी तोंड उघडलं, ते आता पुढची सुरुवात कधी हे विचारायला. मी काही बोलायच्या आत हा बोलला. आता आधी तिचं दुखणं बघायचं, पुढचं ती ठरवेल, आणि ठरवलं नाही तरी चालेल, असं म्हणाला. आईकडे न बघता म्हणाला, पण म्हणाला.

मागच्या वेळी मी पळाले म्हणून गेला असं वाटून घेता आलं होतं. या वेळी तेही नाही. कुणाचीच चूक नाही, तर कुणावर रागवायचं तेच कळत नाही, मावशी.

बारकी


६ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

कुणावर रागवायचं ते कळत नसेल तर ते काम माझ्यावर सोड. मला भरपूर माणसं दिसतात. तू नुसती रड. पोटासाठी नाही, मूत्राशयासाठी नाही, त्याच्यासाठी रड. दोघांसाठी.

नशिबात असेल तर होईल, देव एक दार बंद करतो, आजकाल दत्तक घेतात, अमक्या बाईला बारा वर्षांनी झालं, हे सगळं तुझ्याकडे येणार आहे. ताई तर पिशवी भरून निघालीच होती, तिला मी स्टँडवरून परत आणली. आधी रडून घे, मग जा, असं सांगून माझ्याच घरात बसवलं आहे. जावयाला सांग, मावशीनं त्याच्याविषयी जे जे लिहिलं त्यातलं निम्मं परत घेतलं. निम्मंच.

मला सांत्वन जमत नाही. मी येऊन काही चांगलं बोलेन अशी आशा धरू नकोस. मी उद्याच्या गाडीनं निघते आहे. तू आतल्या खोलीत झोपून राहा, हवं तेवढ्या वेळा उठ, हवं तेवढं पाणी पी. मी पुढच्या खोलीत बसते. कुणी समजूत काढायला आलं, तर दार मी उघडीन.

तुझीच,
मावशी